मढ्याची सुई

खोल जखम झाली तर माणसाने कुठे जावे, हे सांगणे हे माझे काम होते. त्यासाठी मला पगार मिळत असे. पट्ट्या बांधणे, मलम घोटणे, डाक्तरसाहेबांच्या हाताशी उभे राहणे ही कामे होतीच. पण मोठे काम म्हणजे बाजारात हिंडून, रक्त गळत असलेल्या माणसाला बोलून बोलून दवाखान्यापर्यंत आणणे. मी मुळात अबोल. पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसावे, हा माझा स्वभाव. अशा माणसाला बोलण्याची नोकरी मिळाली आणि ती मी मन लावून केली. किती मन लावून, हे आठवले की अजून मान खाली जाते.

संपादकांनी कळवले होते की वऱ्हाडातल्या कापसाच्या तेजीचे दिवस तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत, दिवाळीच्या अंकासाठी त्यातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण गेल्या आषाढात माझी पत्नी गेली, आणि तेव्हापासून त्या दिवसांतली एकच हकीकत डोक्यात घोळते आहे. लिहिलेले सगळे मी तिला वाचून दाखवत असे. ही हकीकत वाचताना माझ्याने तिच्याकडे पाहवले नसते, म्हणून ती असेपर्यंत लिहिली नाही. आता अकोल्याच्या या घरात सकाळी थोडे लिहितो आणि थांबतो. मधेच हाक मारून उठवणारे कोणी नाही, तरी लिहिणे पुढे सरकत नाही.

गाव अमरावती आणि अकोला यांच्या मधल्या रस्त्यावरचे, बाजाराचे. नाव लिहीत नाही. तिथे आजही दवाखाना आहे आणि तो आता चांगला चालतो. मी सांगतो आहे तो त्याच्या आधीचा, कापसाच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेला.

तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून आमच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. अमेरिका कोणत्या दिशेला आहे हे आमच्या गावात कोणाला सांगता आले नसते. पण तिथली लढाई मिटू नये म्हणून मारुतीपुढे नारळ फोडलेले मी पाहिले आहेत. तिवसा, अकोट, कुठून कुठून बंड्या येत. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. बाजाराच्या दिवशी बंड्यांची रांग गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत जाई. वाऱ्याने उडालेला कापूस निंबाच्या झाडांना लागून राही, आणि चैत्रात नवी पालवी फुटली तरी झाडे म्हातारी दिसत.

या घाईत माणसे फार कापून घेत. गठाण, म्हणजे दाबून बांधलेली कापसाची गासडी, ओढायचे लोखंडी आकडे हाताला लागत. गठाणीवर आवळलेली लोखंडी पट्टी सुटली की सापासारखी उसळे आणि समोर जे असेल ते चिरत जाई. बंडीच्या चाकावरची लोखंडी धाव निखळून पोटऱ्या फाटत. आणि जखम झालेला माणूस जागचा हलत नसे, कारण तो हलला तर बंडीची पाळी जाई. मागचा बंडीवाला बैल पुढे दामटायला टपलेलाच. म्हणून कापूस जाळून त्याची राख जखमेत दाबायची, वर धोतराची चिंधी आवळायची आणि मापाची वाट पाहत बसायचे. माप होऊन तो माणूस आमच्याकडे येई तोवर दिवस उलटलेला असे, जखमेच्या कडा सुजून कोरड्या पडलेल्या असत, आणि मग टाका घालून उपयोग नसे. शिळी जखम शिवली तर आत कोंडून सडते. ती उघडीच ठेवून धूत राहावी लागते आणि तिला महिना लागतो.

हे सगळे मला डाक्तरसाहेबांनी शिकवले. ते मद्रासकडून आलेले, त्यांना मराठी समजे पण ते बोलत हिंदुस्थानी. हात अतिशय हलका. ते म्हणत, तू नुसते एवढे पाहायला शीक, की कोणती जखम पट्टीची आणि कोणती टाक्याची. ओठ उघडावेत तशा कडा आपोआप उघडत असतील, आत पिवळी चरबी दिसत असेल, बराच वेळ घट्ट दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, किंवा बोट वाकवताना वाकत नसेल, तर ती टाक्याची. स्वच्छ पाण्याने धुवा, फडक्याने दाबून धरा, राख-चुना-हळद काही भरू नका, आणि त्याच दिवशी या. हे वाक्य मी बाजारात इतक्या वेळा म्हटले की पोरे माझ्यामागून ते चालीवर म्हणत. माझे नाव पडले 'पट्टीपंत'.

लोक कुठे कुठे जाऊन मग आमच्याकडे येत, त्याच्या कथा करता येतील. एकाने आपली मांडी मोच्याकडून शिवून घेतली होती. मी विचारले, "अरे, मोच्याकडे कशाला?" तो म्हणाला, "टाकाच घालाचा व्हता ना? मंग ज्याचा धंदा त्याच्याकडं गेलो." जोड्याला लावतात तो मेणाचा दोरा, आणि टाके इतके सारखे की डाक्तरसाहेब बराच वेळ पाहतच राहिले. दुसऱ्या एकाने फाटलेल्या भुवईवर पिठाचा गोळा थापला होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या, आणि त्याचे म्हणणे असे की मुंग्या लागल्या त्याअर्थी जखम गोड आहे, सडलेली नाही.

हे सगळे हसण्यावारी नेता येई. एक बोलणे मात्र तसे नव्हते. बाजारात कुजबुज होती की दवाखान्यात ज्या सुईने मढे शिवतात त्याच सुईने जित्या माणसाला शिवतात.

ते बोलणे निघायला कारण होते. दवाखान्याच्या अंगणापलीकडे एक कौलारू खोली होती. तिला आम्ही 'मागची खोली' म्हणत असू. विहिरीत सापडलेले, रस्त्यात मरून पडलेले, कोणी मारल्याचा संशय असलेले, अशी प्रेते पोलीस तिथे आणत. ती उघडून पाहायची, मरण कशाने आले ते लिहायचे आणि पुन्हा शिवून नातलगांच्या हवाली करायची, हेही डाक्तरसाहेबांचे काम. तिथे त्यांच्या हाताखाली किसन नावाचा महार असे. मी त्या खोलीत कधीच गेलो नव्हतो. आमच्या घरात सोवळे कडक. प्रेताला शिवले तर अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करून मगच उंबरा ओलांडायचा. डाक्तरसाहेबांना हे ठाऊक होते. त्यांनी मला कधी बोलावले नाही, मी कधी डोकावलो नाही. किसनाशी माझे बोलणे 'पाणी आण', 'अंगण झाड' यापलीकडे नव्हते.

आणि तरीही बाजारात कोणी मढ्याच्या सुईचे नाव काढले की मी जानव्याला हात लावून सांगत असे, "साफ खोटे. तिकडचे सामान वेगळे, इकडचे वेगळे. मी तिथेच असतो, मला ठाऊक नाही?" माझा यावर मनापासून विश्वास होता. जानवे पाहून माणसे गप्प होत. काही माझ्यामागून येत. माझ्या त्या शब्दावर आपला हात, आपला पाय घेऊन येत.

एका बाजाराच्या दिवशी मी रांगेतल्या एका बंडीशी उभा होतो. बंडीवाल्याची नडगी फुटली होती आणि तो राखेसाठी कापूस पेटवू पाहत होता. पुढच्या बंडीवर अकोटचे रहीमभाई बसले होते. माझ्याहून वयाने मोठे, दाढी मेंदीने रंगवलेली, आणि रांगेतल्या सगळ्यांची करमणूक करण्याचा मक्ता घेतल्यासारखी जीभ. मी माझे वाक्य सुरू केले : स्वच्छ पाण्याने धुवा, दाबून धरा, त्याच दिवशी या.

"पंत," रहीमभाई वरून म्हणाले, "तुमी इथं जग शिवाले निंगाले, अन् वैनी तिकडं सीताराम न्हाव्याच्या ओट्यावर हात धरून बसल्या हायेत."

मला वाटले, थट्टा. मी म्हणालो, "काहीतरीच काय बोलता!"

"आता पाहून आलो मी. पदर लाल झाला हाये सारा."

नडगी फुटलेला माणूस कळ विसरून माझ्याकडे पाहू लागला. "म्हंजे तुमच्या घरचं मानूस बी तुमच्या दवाखान्यात येत नाई?"

"काहून येईन?" मागून कोणीतरी ओरडला. "न्हाव्यानं बी जानवं घातलं असन!"

हसणे बंडीवरून बंडीवर गेले. ज्यांना काय झाले ते ऐकू आले नव्हते तेही हसले. मी निघालो तेव्हा रांगेच्या कडेकडेने मला सगळा बाजार पार करावा लागला, आणि बातमी माझ्या पुढे पुढे धावत होती.

गोदावरीचे नाव मी तिच्या हयातीत कधी उच्चारले नाही. आमच्यात ती रीत नव्हती. इथे लिहितो आहे. ती न्हाव्याच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. विळीवर भोपळा चिरताना हात घसरला होता. उजव्या हाताच्या अंगठ्याखालचा मांसल भाग उघडा पडला होता आणि सीतारामाने तो फडक्याने दाबून धरायला सांगितले होते. सीताराम मला पाहून उभाच राहिला.

"पंत, म्या काई केलं नाई," तो म्हणाला. "राख बी नाई भरली. नुसतं दाबून ठेवलं. हे मायाच्यानं व्हत नाई, लय खोल गेलं. आंगठा वाकून नाई राह्यला. टाके पायजेत. म्या वैनीले हेच सांगून राह्यलो, का घरीच दवाखाना असून इकडं काहून?"

ती उठली आणि माझ्याकडे न पाहता घराकडे चालू लागली. मी तिच्यामागून. दारोदारी बायका उभ्या होत्या.

घरात आल्यावर मी आधी माझ्या अब्रूचे बोललो. हे लिहायलाच हवे. तिच्या हातातून रक्त ठिबकत होते, आणि मी म्हणत होतो की आता बाजारात कोणत्या तोंडाने उभा राहू. तिने ते ऐकून घेतले. ती तिवशाकडची, बोलणे थोडे आणि सरळ.

"झालं का बोलून?" ती म्हणाली. "टाके घालाचे हायेत, ते मले बी समजते. पन त्या सुईनं नाई."

"तूही तेच? अगं, ते बाजारातले बोलणे आहे."

"किसनच्या बायकोनं सांगतलं मले. सरपन घेऊन येते ते मागच्या दारी. सुई एकच उरली हाये म्हने. एकच हाये तं दोन ठिकानी वेगळी कशी असन?"

"तिला काय कळते! मी रोज तिथे असतो."

"तुमी पायलं?"

मी खुंटीवरचा पंचा ओढून खांद्यावर टाकला.

"एकदा तरी पायलं का, आत जाऊन?"

"मी त्या खोलीत पाय ठेवत नाही, तुला ठाऊक आहे."

"मंग जानव्याले हात कसा लावता?"

मी रागाने बाहेर पडलो. राग होता म्हणून तर गेलो. नुसत्या विचाराने गेलो नसतो. तिला खोटे पाडायचे आणि परत येऊन तिला हाताला धरून दवाखान्यात न्यायचे, एवढेच डोक्यात होते.

त्या दिवशी मागच्या खोलीत गठाणींखाली चेंगरलेला एक हमाल आणला होता, हे मला सकाळीच कळले होते. मी अंगण ओलांडले. दारापाशी जोडे काढले. कुठे पायताण काढायचे आणि कुठे नाही याचाही विचार तेव्हा झाला नाही. सवयीने काढले आणि आत गेलो.

प्रेताचे वर्णन करत नाही. डाक्तरसाहेब शेवटचे टाके घालत होते, लांब लांब, पोत्याला घालतात तसे. किसन दिवा धरून उभा होता. डाक्तरसाहेबांच्या बोटांत होती ती सुई मी ओळखली. ओळखणारच. वाकडी, नेढ्याशी एका बाजूने जराशी खरचटलेली. रोज सकाळी तिच्यात रेशीम ओवायचे काम माझे होते. ती रोज सकाळी पत्र्याच्या डबीत टेबलावर मला मिळे. तिथे ती कुठून येते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"पंत? तुम इधर?" डाक्तरसाहेब म्हणाले. "आज क्या हुआ?"

त्यांनी दोरा तोडला, सुई पाण्याच्या वाटीत बुडवली, फडक्याला पुसली, डबीत ठेवली आणि डबी माझ्याकडे केली. "आ ही गये हो, तो ले जाओ. आगे रख दो."

मी ती घेतली.

मग बहुधा माझे तोंड पाहून त्यांना कळले. ते किसनाकडे पाहत म्हणाले, "बाक़ी टूट गईं. बंबई लिख चुका हूँ. सब गाड़ियाँ कपास ढो रही हैं, मेरी सुई कौन लाएगा?" आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "धोता तो हूँ."

ते खोटे बोलत नव्हते. धूत होते. पाण्यात बुडवून पुसले की लोखंड स्वच्छ झाले, अशीच त्यांची समजूत होती आणि माझीही तीच असती. प्रेतातले विष सुईने जित्या अंगात जाते, सुया खळखळ उकळाव्या लागतात, हे पुढे कितीतरी वर्षांनी आम्हांला शिकवले गेले. पण त्या दिवशी मला विज्ञान आठवत नव्हते. मला एक एक माणूस आठवत होता. गठाणीच्या पट्टीने दंड कापलेला तिवशाचा तो तरुण, ज्याचा दंड पाचव्या-सहाव्या दिवशी काळा पडला आणि आम्ही म्हणालो की उशिरा आला. पण तो उशिरा आला नव्हता. त्याला मीच बाजारातून, जखम ताजी असताना आणले होते. त्याने सुईचे विचारले होते आणि मी जानव्याला हात लावला होता. जे सगळ्या बाजाराला माहीत होते, सरपण विकणाऱ्या बाईला माहीत होते, ते तिथेच काम करणाऱ्या मला माहीत नव्हते, कारण माहीत करून घ्यायला आंघोळ करावी लागली असती.

मी आंघोळ न करता घरी गेलो. गोदावरी मागच्या पडवीत बसली होती. तिने माझे कोरडे धोतर पाहिले.

"पायलं?"

"पाहिले."

तिने बोलायला हवे होते असे मला फार वर्षे वाटत राहिले. डाव्या हाताने तिने शिवणाचे बोचके ओढले, त्यातून एक सुई आणि धाग्याची गुंडी काढली, माझ्या हातात दिली आणि उठली. मी तसाच, प्रेताच्या खोलीतून आलेला. पण मी तिचा हात धरला तेव्हा तिने तो मागे घेतला नाही.

दवाखान्याच्या दारात आळीतल्या बायका जमल्या होत्या. डाक्तरसाहेबांपुढे मी ती सुई ठेवली आणि म्हणालो, "साहेब, हिला या सुईनेच टाके घाला." यात सगळे आले. त्यांचा चेहरा उतरला. त्या दारातल्या बायकांदेखत त्यांना ते ऐकावे लागले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी सुई उचलली, सरळ होती म्हणून दिव्याच्या ज्योतीत लाल केली आणि चिमट्याने वाकवली. मग गोदावरीकडे पाहून मोडक्या मराठीत म्हणाले, "बाई, दुकेल."

"दुखू द्या," ती म्हणाली. "सुई माही हाये."

टाके घालून होईपर्यंत ती दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहत होती. मी तिचे मनगट धरले होते. हात चांगला भरून आला. पू झाला नाही. अंगठा पुन्हा वाकू लागला.

पुढच्या बाजारापासून एक नवीनच रीत पडली. माणसे आपली सुई घेऊन येऊ लागली. सुया-बांगड्या विकणाऱ्या मनियाराकडून सुई घ्यायची, फेट्यात खोचायची, आणि जखमी हात पुढे करण्याआधी ती पुढे करायची. डाक्तरसाहेब मुकाट्याने ती दिव्यात तापवून वाकवत. काम झाले की माणूस ती परत मागून घेई. बायकाही येऊ लागल्या. पूर्वी एकही येत नसे. गर्दी वाढली. जखमाही लवकर भरू लागल्या, का ते आम्हांला कळत नव्हते. वर्गणीदार व्यापारी खूष झाले. एका शेठजींनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. "आमच्या पंतांच्या बोलन्याचा परिनाम!" मी मान खाली घालून उभा राहिलो आणि त्यांना तो विनय वाटला. फेट्यातून निघणारी प्रत्येक सुई म्हणजे आमच्यावरचा शेरा होता, तो त्यांना वाचता येत नव्हता. ती सुई हातात घ्यायची वेळ माझ्यावरच येई.

बऱ्याच दिवसांनी मुंबईहून सुयांची पुडकी आली. डाक्तरसाहेबांनी माझ्यादेखत दोन डब्या केल्या; एक पुढची, एक मागची. मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगितले की आता काळजी नाही, तू बायकांना सांग, घरून सुई आणायची गरज नाही.

ती कणीक मळत होती, उजव्याच हाताने. "मी काहून सांगू?" ती म्हणाली. "बाजारात उभं राहून खोटं तुमी सांगतलं. खरं बी तुमीच सांगा."

"मी मुद्दाम नव्हते सांगितले."

"ते बी सांगा."

मी पुढच्या बाजारी गेलो. माझ्या त्या ठरलेल्या वाक्याशिवाय बाजारात मोठ्याने बोलण्याची ती पहिली वेळ. एका रिकाम्या बंडीच्या साटीवर उभा राहिलो आणि म्हणालो की सुईचे तुम्ही म्हणत होता ते खरे होते. मी न पाहता शपथ घेत होतो. आता सुया नव्या आल्या आहेत, डब्या वेगळ्या आहेत, ते मी पाहिले आहे. बस्स. मग खाली उतरलो.

कोणी हसले नाही. हसले असते तर सोपे गेले असते. रहीमभाई त्यांच्या बंडीवरून माझ्याकडे पाहत होते. मग एक म्हातारा बंडीवाला पुढे आला. त्याने मला विचारले, "ज्याचा हात काळा पडून गेला व्हता, तिवशाच्या त्या पोराचं काय झालं?" मी सांगितले, "वारला." म्हाताऱ्याने मान हलवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. तो त्या मुलाचा कोण होता, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही.

त्यानंतर काही बाजार गेले. एका दुपारी गठाणीची पट्टी सुटून रहीमभाईंचा तळवा चिरला. ते स्वतःच्या पायांनी आले, हात फडक्यात दाबून, राख न भरता, पाळी सोडून. माझे वाक्य त्यांनी तंतोतंत पाळले होते. बाकावर बसल्यावर त्यांनी चांगल्या हाताने फेट्यातून सुई काढली. मग टेबलावरची नवी डबी पाहिली.

"पंत, कोनती?" ते म्हणाले. "तुमी म्हनान ती."

मी डबीकडे पाहिले. त्या सकाळी पोलीस एक प्रेत देऊन गेले होते. मी बाजारात होतो, मागे काय झाले ते पाहिले नव्हते. एरवी मागची डबी धुऊन भिंतीवरच्या फळीवर ठेवलेली असे, ती आता तिथे दिसत नव्हती. ती मागच्या खोलीतच राहिली असेल, नाहीतर कुठे हरवली असेल, नाहीतर कोणी दोन्ही डब्यांतल्या सुया एकत्र केल्या असतील. डाक्तरसाहेब हात धूत होते. पाठमोरे. मी त्यांना विचारू शकलो असतो. किसनाला हाक मारू शकलो असतो. रहीमभाई जखमी हात पुढे करून, आयुष्यात पहिल्यांदा थट्टा न करता, माझ्या तोंडाकडे पाहत थांबले होते.

"तुमचीच," मी म्हणालो.

त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. "बरं झालं इचारलं," ते म्हणाले, आणि तळवा उघडला.